स्पीकरशेजारचं टेबल

माझ्या लहानपणी आम्ही गाण्याचे पुष्कळ कार्यक्रम ऐकले, पण पुरता असा एकही नाही. मैफल भैरवीने संपते हे मला बरीच वर्षं फक्त ऐकून माहीत होतं. तिकडे भैरवी सुरू होईपर्यंत आम्ही घरी पोचून आमटी-भात जेवत असायचो. कारण त्याच्या आधीच कधीतरी बाबांचं आयोजकांशी वाजलेलं असायचं आणि बाबांनी आम्हाला 'उठा' म्हटलेलं असायचं.

बाबा कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात होते. तिथे रेयॉनचा धागा तयार व्हायचा आणि तयार धागा तपासायचं काम बाबांच्या खात्याकडे होतं. दिव्याखाली एकेक रीळ फिरवायचं, कुठे तंतू तुटलाय, कुठे डाग पडलाय ते बघायचं आणि खराब असेल ते बाजूला काढायचं. माणसाने असलं काम कारखान्याच्या दारातच ठेवून घरी यावं. बाबा ते बरोबर घेऊन यायचे. भाजीवालीची गवार असो, शिंप्याने शिवलेला माझा परकर असो की शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद असो, ते आधी खोट शोधायचे आणि सापडली की बोलून मोकळे व्हायचे. नाही सापडली तर थोडे हिरमुसायचे, असं मला आपलं वाटायचं.

आई अगदी उलट. लग्नाआधी ती थोडंफार गाणं शिकलेली होती. लग्नानंतर शिकणं सुटलं, ऐकणं तेवढं राहिलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ होता आणि कुकर केव्हा लावायचा, पोळ्या केव्हा करायच्या हे रेडिओवर काय लागणार आहे त्यावर ठरायचं. पण रेडिओ तो रेडिओच, गाणं समोर बसून ऐकायला हवं, असं तिचं म्हणणं. ऐंशीच्या दशकात कल्याण-डोंबिवलीत सारखे मांडव पडायचे. गणपती, नवरात्र, शाळेचा सुवर्णमहोत्सव, कुठल्याशा मंडळाचा वर्धापनदिन, काहीतरी निमित्त असायचंच. मांडवाचे बांबू आलेले दिसले की आई बाबांना गोंजारायला लागायची. त्यांच्या आवडीची भरली वांगी व्हायची, इस्त्रीचा शर्ट आपोआप हँगरवर लागायचा. बाबांना गाण्यातलं काही म्हणजे काहीही कळायचं नाही. मोठ्या आवाजाने त्यांचं डोकं दुखायचं. तरी ते यायचे.

आम्ही कायम वेळेच्या खूप आधी पोचायचो. आईला पुढची जागा लागायची आणि पुढची जागा मिळवायची तर मांडवातले कार्यकर्ते सतरंज्या झटकत असतानाच हजर व्हायला हवं, हा नियम आमच्याकडे सगळ्यांनाच मान्य होता. आईच्या पिशवीत एक शाल, पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा. लोखंडी घडीच्या खुर्च्यांच्या पाठीवर खडूने नंबर घातलेले असायचे. ते नंबर अर्ध्या तासात लोकांच्या शर्टांना पुसले जायचे आणि मग आमच्या जागेवर आयोजकांची आख्खी सासुरवाडी येऊन बसायची. इथे बाबांचा तपासणीचा पहिला दिवा लागायचा. 

मग पुढे सोफे यायचे. आम्ही पहिल्या रांगेत बसलोय असं वाटत असतानाच आमच्यापुढे मान्यवरांसाठी दोन रांगा सोफे मांडले जायचे आणि त्यावर सफारीतली मोठाली माणसं बसायची. आईला गायिकेऐवजी कुणाचं तरी टक्कल दिसायचं. त्यानंतर सत्कार. शाल, श्रीफळ, दोन शब्द, परत शाल, परत श्रीफळ. पेटीवाला बिचारा पेटीवर हात ठेवून बसलेला असायचा. शेवटी बाबा उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, की गाणं आज आहे की उद्या. लोक हसायचे, काही टाळ्याही वाजवायचे. मी खुर्चीखाली चप्पल शोधण्याचं निमित्त करून वाकायची.

खरी लढाई मध्यंतरात व्हायची. जाहिरातीतला मोठा गायक प्रकृतीच्या कारणाने आलेला नसायचा, माईक कोकलत असायचा, जनरेटरचा धूर सरळ बायकांच्या बाजूला येत असायचा. बाबा स्टेजच्या मागे जायचे. कनातीच्या पलीकडून त्यांचा आवाज येत राहायचा आणि खोटं कशाला सांगू, तो गायकापेक्षा स्वच्छ ऐकू यायचा. मग ते ताठ मानेने परत यायचे, आईची पिशवी उचलायचे आणि म्हणायचे, "उठा." त्यांचं म्हणणं साधं होतं. खराब माल आपण घ्यायचा नाही. बसून राहिलो तर घेतल्यासारखं होतं.

त्यांची एकही तक्रार चुकीची नसायची, हीच खरी पंचाईत होती. चुकीची असती तर आईला भांडता आलं असतं.

एकदा डोंबिवलीत असेच बाहेर पडलो आणि फाटकाशी पोचलो तोच आत गाणं सुरू झालं. गाणाऱ्या बाईंचा आवाज लागलेला होता. आई चालताचालता हळू झाली, मग शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला हात लावून उभीच राहिली. बाबा बरेच पुढे गेले होते. ते वळले, त्यांनी बघितलं आणि रस्त्यात उभे राहिले. त्या गाण्यापुरती आम्ही तिघं तशीच तीन ठिकाणी उभी होतो. मला बाबांचा भयंकर राग आला होता. आज त्या सगळ्याची इतकी आठवण येते की कुठे रिकाम्या मैदानात लोखंडी खुर्च्या रचलेल्या दिसल्या तरी पाय थबकतात. 

नव्वदच्या दशकात बाबा निवृत्त झाले. मला ठाण्यात नोकरी लागली होती, म्हणून कल्याणची जागा सोडून आम्ही तिथेच कोपरीत राहायला आलो, स्टेशनच्या अगदी जवळ. नव्या घरात रेडिओसाठी आईने खिडकीजवळची जागा ठरवली. त्याच सुमाराला तिचे कान गेले.

गेले म्हणजे एकदम नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग दारावरची घंटा. डॉक्टर म्हणाले, कानाची नस कमजोर होत चालली आहे, आहे ते सांभाळा. एक यंत्र दिलं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत आलेली वायर. त्यातून भांडी घासल्याचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा यायचा आणि माणसं कुठल्या तरी हौदात बसून बोलतात असं वाटायचं. आईने ते बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलं. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर रेडिओवर क्रोशाचं झाकण घातलेलं होतं. त्या झाकणावर आईने फुलदाणी ठेवली होती. आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला रडू आलं आणि ते आईला ऐकू येणार नाही हे लक्षात आल्यावर आणखीनच आलं.

त्या दिवाळीत आम्ही दोघी करंज्या करत होतो. आई कानांविषयी कधी बोलायची नाही. त्या दिवशी मुरड घालताघालता, खाली बघतच म्हणाली, "एक कार्यक्रम शेवटपर्यंत बसून ऐकायचाय गं. थोडं येतंय तोवर."

मी तिथेच ठरवलं, की हे करायचंच. संध्याकाळी बाबांना गच्चीवर नेलं आणि बजावलं, की मी आईला कार्यक्रमाला नेणार आहे, तुम्ही यायचं, आणि काहीही झालं तरी उठा म्हणायचं नाही. बाबांना ते लागलं. मी काय हौसेने भांडतो का, म्हणाले. मग बराच वेळ समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी गळत होती तिकडे बघत राहिले आणि शेवटी, बरं, एवढंच म्हणाले.

ठाणे स्टेशनबाहेरच्या भिंतीवर मला पोस्टर दिसलं. घोडबंदर रोडला नवीन जागा उघडली होती, हिरवळीवर, मोकळ्या आकाशाखाली, आणि तिथे दर शनिवारी गझल संध्या होती. गझल हा शब्द इतका मोठा होता की त्याच्याखालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचावीत असं मला वाटलंच नाही. तेव्हाचा घोडबंदर रोड म्हणजे आजचा नव्हे. आज तिथे टॉवर आहेत आणि टॉवरांच्या पायाशी गाड्या तुंबलेल्या असतात. तेव्हा दोन्ही बाजूंना झाडी होती आणि रिक्षावाले त्या बाजूला यायला नाखूष असायचे, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. मी एका रिक्षावाल्याला काकुळतीला येऊन पटवलं. आईने मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली होती, गजरा माळला होता, आणि पिशवीत शाल, बाटली आणि डबा होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आणि आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही लवकर पोचलो. इतके लवकर, की हिरवळीवर एक माणूस पाइपने पाणी मारत होता आणि खुर्च्या टेबलांवर उलट्या पडल्या होत्या. फाटकावरचा माणूस आमच्याकडे बघतच राहिला. इथे अशा वेळी फक्त दूधवाला येत असावा. त्यातून सावरून त्याने मला अडवलं.

"काका, तुमचा कपल आहे, तुम्ही जा. मॅडम एकट्या आहेत. स्टॅग अलाऊड नाय."

बाबांनी स्टॅग म्हणजे काय ते विचारलं. त्याने सांगितलं, जोडीदाराशिवाय आलेलं माणूस. बाबांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली, पण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अत्यंत हळू आवाजात त्या माणसाला समजावलं, की ही आमची मुलगी आहे आणि आईबापाबरोबर गाणं ऐकायला आली आहे. असलं कारण त्याने बहुधा प्रथमच ऐकलं असावं. त्याने सोडलं, पण चिवड्याचा डबा फाटकावर ठेवून घेतला.

आत सगळी टेबलं रिकामी होती. आम्ही अर्थातच पहिलं टेबल पकडलं, स्टेजच्या अगदी पुढ्यातलं. वेटर धावत आला आणि मागे बसा, मागे हवा छान येते, असं काकुळतीने सांगायला लागला. आता बाबा असल्या बोलण्याला फसणारे नव्हते. मान्यवरांसाठी पुढची जागा रिकामी करून घ्यायची ही युक्ती त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ते हाताची घडी घालून बसले. आमच्या टेबलाशेजारी कपाटाएवढं एक काळं खोकं उभं होतं. आईला ते कपाटच वाटलं. तिने त्यावर आपली शाल नीट घडी करून ठेवली.

मग जे काही झालं ते पोस्टरवर कुठेच नव्हतं. ओल्या हिरवळीत खुर्च्यांचे पाय रुतायला लागले आणि बाबा डावीकडे कलले. डासांनी आमचा ताबा घेतला. मेन्यूकार्डावरचं काहीही मागितलं की वेटर आत जाऊन यायचा आणि ते नाही म्हणून सांगायचा. जे होतं ते गार आलं आणि जे गार हवं होतं, म्हणजे लिंबूपाणी, ते कोमट आलं. ग्लासाच्या काठाला लिपस्टिक होती. बाबांनी तो ग्लास दिव्यासमोर धरला, सवयीने फिरवला, आणि खाली ठेवला. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते. त्या माणसाचे इतके हाल होताना मी कधी बघितले नव्हते आणि मला चक्क त्यांची दया आली.

गायक उशिरा आला. बरोबर एक तबला आणि एक कीबोर्ड. पोस्टरवरचा हा नव्हताच, कुणीतरी भलताच होता. पण गायला वाईट नव्हता. मऊ, पुटपुटल्यासारखा गायचा, आणि मागच्या टेबलांवर आता भरपूर लोक आले होते, त्यांच्या गप्पा त्याच्याहून मोठ्या होत्या.

आईला काहीही ऐकू येत नव्हतं. ती पुढे सरकून बसली होती, नजर त्याच्या ओठांवर. चेहऱ्यावर हसू होतं, कार्यक्रमाला आल्यावर असतं तसं. बाजूचं कुणी मान हलवायचं ते बघून ती मान हलवायची, जरा उशिरा. टाळ्या दिसल्या की टाळ्या वाजवायची. मला ते बघवेना. बाबा स्टेजकडे बघतच नव्हते. तक्रार करण्याजोगं तिथे एवढं काही होतं, पण ते सारखे आईकडेच बघत होते. मला वाटलं, मी तिला हे कशाला दाखवलं. घरी निदान रेडिओवर झाकण होतं.

चार-पाच गझलांत तो उठला. वाकून नमस्कार केला आणि पेटारा आवरून गेलासुद्धा. पोस्टरवरच्या बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असणार ते मला आत्ता कळलं. केस वाढवलेला एक तरुण स्टेजच्या कोपऱ्यातल्या यंत्रांमागे जाऊन उभा राहिला, दिवे लाल-निळे झाले, आणि आमच्या शेजारचं ते कपाट एकदम गर्जायला लागलं. शाल थरथरत खाली पडली. टेबलावरचे चमचे नाचायला लागले. माझ्या छातीत कुणीतरी ढोल बडवतंय असं झालं आणि मी दोन्ही कानांवर हात दाबले. डिस्को होता तो. शनिवारी अंधार पडला की ती जागा नाइटक्लब होत असे आणि गझल ही आपली तोपर्यंत टेबलं भरावीत म्हणून होती. 

बाबा उठले. एका दृष्टीने कार्यक्रम संपलाच होता, त्यामुळे त्यांचा शब्द मोडला असं कुणी म्हणालं नसतं. त्यांनी आईची पिशवी उचलली आणि नुसते ओठ हलवले, उठा. आईचं लक्ष नव्हतं. ती त्या खोक्याकडे वळून बसली होती. तिने एक हात पुढे करून त्याच्या जाळीला लावला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालत होती. ठेका धरलेला होता तिने. बरोबर धरलेला होता, एक मात्राही मागेपुढे नाही. मग एक बाई गायला लागली, रेकॉर्डवरची, कुठल्याशा भलत्याच भाषेतली, आणि आईने डोळे मिटले.

डोळे उघडून ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे गाल ओले होते. "येतंय गं," ती म्हणाली, "सगळं ऐकू येतंय."

बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि ते पुन्हा बसले. ज्या माणसाचं शेजारच्या लग्नातल्या बँडने डोकं उठायचं, तो माणूस त्या खोक्यापासून हातभरावर ताठ बसून राहिला. एकामागून एक गाणी लागत होती. तरुण मुलं-मुली समोर येऊन नाचत होती आणि त्यांच्यामध्ये आमचं टेबल, त्यापाशी मोतिया साडीतली माझी आई, गजरा माळून, एकेका गाण्याला मनापासून दाद देत. मला ते संगीत मुळीच आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण इतकी सुखी मी तिला नंतर फारशी बघितली नाही.

मागच्या टेबलावर एक मोठं कुटुंब बसलं होतं, आमच्यासारखंच गझलेला फसून आलेलं. त्यांच्यातले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं. कानाकडे हात करून ते रागावून बोलत होते, आणि त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मॅनेजरने त्या यंत्रांमागच्या तरुणाला खूण केली. त्याने काहीतरी खाली सरकवलं.

आवाज उतरला. माणसांची बोलणी ऐकू यायला लागली. आईची बोटं थांबली. तिने जाळीवरचा हात काढला, पदर सारखा केला आणि अवतीभवती बघितलं.

"संपलं का?" तिने विचारलं. 

मी काही म्हणायच्या आत बाबा उठले होते आणि मॅनेजरच्या दिशेने निघाले होते. ती चाल मी ओळखत होते. कितीतरी मांडवांत मी ती पाठमोरी बघितली होती आणि दर वेळी मला जमिनीत शिरावंसं वाटलं होतं. मी त्यांच्यामागे धावले. मॅनेजर बिचारा आधीच हात जोडून उभा होता. सॉरी काका, म्हणाला, कंप्लेंट आली म्हणून आता कमी केलाय आवाज.

"माझीही तक्रार आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी वळून पहिल्या टेबलाकडे बोट केलं. आई स्टेजकडे बघत आमची वाट बघत होती. तिला ऐकू येत नाही हे बाबांनी तोवर घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालासुद्धा नाही.

"आवाज कमी पडतोय," ते म्हणाले. "माझ्या बायकोला ऐकू येत नाहीये."